घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी योक, थ्रॉटल आणि पेडल : आधी विमान ठरवा, मग उपकरण

लखनऊ : लखनऊच्या आग्नेयेला, हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत, अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील या स्वायत्त संस्थेची स्थापना १९८५ मध्ये झाली. येथील प्रशिक्षणार्थी ज्या डायमंड डीए-४० आणि झ्लिन २४२ या विमानांवर उड्डाणाचे पहिले धडे गिरवत आले आहेत, त्यांत मोटारीच्या स्टिअरिंगसारखे चाक, म्हणजेच योक, नसते. वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये एक दांडा असतो. देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत वापरल्या जाणाऱ्या सेसना १५२ आणि १७२ या विमानांत मात्र योक असते.

वैमानिक होण्याची इच्छा असलेला विद्यार्थी घरच्या संगणकावर सरावासाठी उपकरणे घेऊ लागतो, तेव्हा हा फरक बहुधा त्याच्या ध्यानातच नसतो. ‘विमान म्हणजे योक’ असे गृहीत धरून खरेदी होते आणि पुढे प्रत्यक्ष प्रशिक्षणात हाताला लागलेली सवय मोडावी लागते. योक, थ्रॉटल आणि पेडल ही तिन्ही उपकरणे मिळून मोठी रक्कम खर्च होते. ती कोणत्या उपकरणावर, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी खर्च करावी, याची ही माहिती.

तीन उपकरणे, चार कामे

विमान तीन अक्षांभोवती फिरते. नाक वर-खाली होणे ही पहिली हालचाल. ती शेपटीकडील आडव्या झडपेने, म्हणजे एलेव्हेटरने, होते. पंख डावीकडे किंवा उजवीकडे कलणे ही दुसरी. ती पंखांच्या कडांवरील एलेरॉनमुळे होते. नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळणे ही तिसरी. ती शेपटीच्या उभ्या भागावरील रडरमुळे, म्हणजे सुकाणूमुळे, होते. यांना इंजिनाच्या शक्तीची जोड दिली की वैमानिकाची चार मूलभूत कामे पूर्ण होतात.

योक किंवा दांडा पहिली दोन कामे करतो. योक पुढे ढकलले की नाक खाली जाते, मागे ओढले की वर येते आणि चाक फिरवले की विमान त्या बाजूला कलते. तिसरे काम पायांकडे असते. डावे पेडल दाबले की नाक डावीकडे जाते, उजवे दाबले की उजवीकडे. बहुतेक विमानांत याच पेडलांचा वरचा भाग बोटांनी दाबला की त्या-त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. चौथे काम थ्रॉटलचे.

संगणकाच्या कळफलकावर किंवा गेम खेळण्याच्या हातातील कंट्रोलरवरही ही चारही कामे करता येतात. परंतु कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते आणि कंट्रोलरवरील छोट्या काडीचा प्रवास फारच अल्प असतो. उड्डाणातील बहुतेक सुधारणा काही मिलिमीटरच्या दाबाने केलेल्या असतात. त्या हाताला शिकवायच्या, तर उपकरणाला पुरेसा प्रवास हवा. स्वतंत्र उपकरण घेण्याचे खरे कारण हेच आहे.

आधी विमान

कोणते उपकरण चांगले, या प्रश्नाला विमानाशिवाय उत्तर नाही. लखनऊ परिसरातच याचे बोलके उदाहरण मिळते. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी भारतीय हवाई दलाने लखनऊ-आग्रा द्रुतगती मार्गावर उन्नाव जिल्ह्यात विमाने उतरवण्याचा सराव केला. त्यात सुखोई-३० आणि मिराज-२००० ही लढाऊ विमाने होती, तसेच सी-१३०जे हे चार इंजिनांचे मालवाहू विमानही होते. रस्त्याची तीच पट्टी आणि दिवसही तोच. परंतु लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या हातात दांडा होता आणि मालवाहू विमानाच्या वैमानिकांच्या हातात योक.

प्रवासी विमानांतही हीच विभागणी आहे. बोईंग ७३७ मध्ये योक असते. बोईंग ७७७ आणि ७८७ मध्ये हाताची आज्ञा विजेच्या तारांतून व संगणकांमार्फत पोहोचते, तरीही बोईंगने त्यांत योक कायम ठेवले. एअरबसने १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० पासून वैमानिकाच्या बाजूला बसवलेली छोटी साइडस्टिक स्वीकारली. देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी असलेल्या इंडिगोच्या ताफ्याचा कणा ए-३२० कुटुंबातील विमाने आहेत. मात्र तिच्याच एटीआर-७२ विमानांत योक असते. अकासा एअर बोईंग ७३७ मॅक्स चालवते.

प्रशिक्षणाच्या विमानांबाबतही हेच लागू होते. सेसना १५२, सेसना १७२ आणि पायपर कंपनीच्या प्रशिक्षण विमानांत योक असते. डायमंड डीए-४० आणि दोन इंजिनांच्या डीए-४२ मध्ये दांडा असतो. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेने डायमंड विमाने वापरली आहेत, तर नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यात सेसना राहिली आहेत. फुरसतगंजच्या अकादमीलाही गोंदिया येथून प्रशिक्षण उड्डाणे करण्याची परवानगी देण्यात आल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. म्हणजे एकाच राज्यात, दोन जिल्ह्यांत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या हातात वेगवेगळी नियंत्रणे असू शकतात. संस्थांचे ताफे काळानुसार बदलतात; त्यामुळे प्रवेश निश्चित झाला असल्यास पहिल्या टप्प्यात कोणते विमान मिळणार, हे संस्थेकडे विचारून मगच खरेदी करणे श्रेयस्कर.

केवळ छंद म्हणून उड्डाण करणाऱ्यांना ही अडचण कमी असते. त्यांनी आपण बहुतांश वेळ कोणते विमान उडवणार, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे. छोट्या प्रोपेलर विमानांची व बोईंगची आवड असल्यास योक घ्यावे. एअरबस, डायमंड, ग्लायडर किंवा लढाऊ विमानांकडे ओढा असल्यास दांडा घ्यावा. सर्वच विमाने आलटून-पालटून उडवायची असतील, तर दांडा अधिक सोयीचा ठरतो. तो कमी जागा घेतो आणि साधारणतः योकपेक्षा स्वस्त असतो.

दांडा निवडताना हाताचा विचार आवर्जून करावा. एअरबसचा कॅप्टन डाव्या आसनावर बसतो, त्याची साइडस्टिक डाव्या हाताला असते आणि थ्रॉटल उजव्या. डीए-४० मध्ये डाव्या आसनावरील प्रशिक्षणार्थीही उजवा हात मधल्या थ्रॉटलसाठी मोकळा ठेवतो. बाजारातील अनेक दांड्यांची मूठ मात्र केवळ उजव्या हाताच्या आकाराची असते. थ्रस्टमास्टर कंपनीची टी-१६००० आणि टीसीए साइडस्टिक ही दोन्ही हातांसाठी जुळवून घेता येणारी उपकरणे आहेत.

योक पाहताना काय पाहावे

योकच्या बाबतीत पहिली कसोटी म्हणजे चाक किती फिरते. लॉजिटेकच्या, पूर्वी सायटेक या नावाने विकल्या जाणाऱ्या, योकचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण ९० अंश फिरते. हनीकॉम्ब कंपनीचे अल्फा आणि टर्टल बीचचे व्हेलॉसिटीवन फ्लाइट यांची चाके १८० अंश फिरतात. फिरण्याचा कोन जितका मोठा, तितकी बारीक दुरुस्ती सोपी. ९० अंशांच्या योकवर हाताची थोडी हालचालही विमानाला जास्त कलवते आणि नवशिक्याला सतत उलट-सुलट दुरुस्त्या करत राहण्याची सवय लागते.

दुसरी कसोटी घर्षणाची. योकचा दांडा आत-बाहेर सरकताना आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो का, हे हाताने तपासावे. विमान उतरण्याच्या अखेरच्या क्षणी नाक अलगद वर उचलायचे असते. तेव्हा योक अडखळले, तर विमान एकतर धावपट्टीवर आपटते किंवा पुन्हा वर उसळते. काही स्वस्त योकांच्या मध्यबिंदूवर एक खाच जाणवते. चाक मध्यावर आले की ते तेथे रुतल्यासारखे बसते आणि तेथून हलवायला थोडा जास्त जोर लागतो. सरळ उड्डाणातील बहुतेक दुरुस्त्या याच मध्यबिंदूच्या आसपास होत असल्याने ही खाच लहान वाटली तरी त्रासदायक ठरते.

तिसरी बाब स्प्रिंगची. ती खऱ्या विमानापासून सर्वांत दूर नेणारी आहे. खऱ्या सेसनामध्ये योकवरील दाब हवेच्या प्रवाहातून येतो. वेग वाढला की योक जड होते, वेग घटला की सैल पडते. हा बदलता जडपणा हे वैमानिकाला मिळणारे एक महत्त्वाचे संकेतचिन्ह असते. घरच्या साध्या योकमध्ये मात्र स्प्रिंग असते आणि तिचा जोर सर्व वेगांना सारखाच राहतो.

ट्रिम वापरताना हा फरक ठळकपणे जाणवतो. खऱ्या विमानात वैमानिक योक हव्या त्या स्थितीत धरून ठेवतो आणि हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. योक आपल्या जागी राहते. स्प्रिंगच्या योकवर मात्र ट्रिम फिरवत असताना हात हळूहळू मध्याकडे परत न्यावा लागतो. हे आधी माहीत असेल, तर गोंधळ होत नाही. मोटारच्या साहाय्याने दाब निर्माण करणारी उपकरणे ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. मोझा या कंपनीचे एवाय-२१० हे योक त्याचे उदाहरण. परंतु त्यांची किंमत साध्या योकच्या कित्येक पट असते आणि नवशिक्याने तेथून सुरुवात करण्याचे कारण नाही.

आतला सेन्सर

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन उपकरणांचे आयुष्य आतील सेन्सरवर अवलंबून असते. स्वस्त उपकरणांत बहुधा पोटेन्शियोमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणामागे असतो, तोच हा घटक. त्यात एक छोटा संपर्कबिंदू वाहक पट्टीवर घासत फिरतो. घासल्याने झीज होते, धूळ शिरते आणि काही काळाने हात स्थिर असतानाही पडद्यावरील विमान थरथरू लागते. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्रातील बदल मोजतो. त्यात काहीच एकमेकांवर घासत नाही, त्यामुळे तो दीर्घकाळ अचूक राहतो. उत्तर भारतातील उन्हाळ्यातील धुळीचा विचार करता, दोन उपकरणांच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर हॉल सेन्सरला प्राधान्य द्यावे.

जाहिरातींत ‘बिट’ची संख्या दिलेली असते. ती म्हणजे उपकरण आपल्या पूर्ण प्रवासाचे किती तुकडे ओळखू शकते, याचे माप होय. ८ बिटमध्ये २५६, १० बिटमध्ये १,०२४ आणि १२ बिटमध्ये ४,०९६ टप्पे येतात. घरच्या वापरासाठी १० ते १२ बिट पुरेसे आहेत. यांत्रिक भाग अडखळत असेल, तर बिट वाढवून काहीच साधत नाही.

थ्रॉटल : दांडे किती आणि कोणते

थ्रॉटलची निवडही विमानावरच ठरते. सेसना १७२ मध्ये दांडे नसून आत-बाहेर सरकणारे गोल खुंटे असतात. एक इंजिनाच्या शक्तीचा आणि दुसरा, लाल रंगाचा, इंधन व हवेच्या मिश्रणाचा. ज्या विमानात प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलता येतो, तेथे तिसरा, निळा, दांडा असतो. डीए-४० च्या डिझेल इंजिनाच्या एनजी आवृत्तीत मात्र शक्तीचा एकच दांडा असतो, कारण मिश्रण व प्रोपेलर यांची काळजी संगणक घेतो. लॉजिटेकच्या योकसोबत तीन दांड्यांचे एक थ्रॉटल येते. छोट्या विमानांच्या सरावाला ते पुरते.

दोन इंजिनांच्या विमानासाठी किमान दोन स्वतंत्र दांडे हवेत. एक इंजिन बंद पडल्याचा सराव एका दांड्यावर करताच येत नाही. हनीकॉम्बच्या ब्राव्हो या थ्रॉटलमध्ये सहा बदलता येणारे दांडे, ट्रिमचे चाक आणि ऑटोपायलटची बटणे एकत्र मिळतात. छोटे विमान व मोठे प्रवासी विमान दोन्ही उडवणाऱ्यांना ते उपयुक्त पडते.

एअरबसच्या थ्रॉटलला ठरावीक खाचा असतात. चढाईची, कमी केलेल्या उड्डाणशक्तीची आणि पूर्ण शक्तीची अशा या खाचांत दांडा बसवला की पुढचे काम संगणक करतो आणि उड्डाणाच्या बहुतांश काळात दांडा तेथेच राहतो. खाचा नसलेल्या थ्रॉटलवर एअरबस उडवता येते, पण योग्य जागा चाचपडत शोधावी लागते. बोईंगमध्ये याच्या उलट, स्वयंचलित थ्रॉटल सुरू असताना दांडे मोटारीने स्वतः पुढे-मागे सरकतात. घरच्या उपकरणातील दांडे असे हलत नाहीत. त्यामुळे स्वयंचलित थ्रॉटल बंद करण्यापूर्वी हातातील दांडा पडद्यावरील स्थितीशी जुळवून घ्यावा. अन्यथा इंजिनाची शक्ती अचानक वाढते किंवा घटते.

पेडल : सर्वांत दुर्लक्षित, सर्वांत आवश्यक

खर्च आटोक्यात ठेवताना कात्री लागते ती बहुधा पेडलांना. अनेक दांड्यांची मूठ पिळली की रडर फिरते, त्यामुळे पेडलांची गरजच काय, असे वाटते. छंदापुरते ते ठीक आहे. परंतु प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यासाठी ही काटकसर महागात पडते.

त्याचे कारण विमानाच्या स्वभावात आहे. छोट्या विमानाचा प्रोपेलर बहुधा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्ती दिली की विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते आणि उजवे पेडल दाबून ते सरळ ठेवावे लागते. वारा बाजूने वाहत असेल, तर विमान नाक थोडे वाऱ्याकडे ठेवून धावपट्टीकडे येते आणि टेकण्यापूर्वी पेडलने नाक पट्टीच्या रेषेत आणावे लागते. ही दोन्ही कामे पायांची आहेत. मनगट पिळून ती करणाऱ्याचे पाय शिकत नाहीत. शिवाय दांडा बाजूला कलवताना मूठही नकळत पिळली जाते आणि नको तेथे रडर लागते.

डायमंड विमानांवर शिकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. सेसना १७२ चे पुढचे चाक पेडलांना जोडलेले असते, त्यामुळे जमिनीवर पेडलनेच विमान वळते. डीए-४० चे पुढचे चाक मात्र मोकळे फिरते. कमी वेगात वळायचे तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. म्हणून या विमानाच्या सरावासाठी बोटांनी दाबायचे स्वतंत्र ब्रेक असलेलीच पेडल घ्यावीत.

पेडल पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : दोन पेडलांमधील अंतर, सरकण्यातील सहजता आणि बूड सरकू न देण्याची सोय. थ्रस्टमास्टरच्या टीएफआरपी या प्राथमिक संचात दोन्ही पावले बरीच जवळ येतात. उंच व्यक्तींना ते अवघडल्यासारखे होते. लॉजिटेकची पेडल अधिक रुंद असून त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो. थ्रस्टमास्टरची टीपीआर आणि क्रोएशियातील एमएफजी कंपनीची क्रॉसविंड ही वरच्या श्रेणीतील उपकरणे होत.

पेडल हवीत, तसा त्यांचा विवेकही हवा. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून उडालेले अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले. सहवैमानिकाने रडरची पेडल आळीपाळीने जोरात दाबली, त्या ताणाने शेपटीचा उभा भाग तुटून पडला आणि विमानातील सर्व २६० व जमिनीवरील ५ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने पेडलांचा अनावश्यक व अतिरेकी वापर हे कारण ठरवले. या विमानाच्या रडर यंत्रणेची वैशिष्ट्ये आणि कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातील काही भाग यांनी त्याला हातभार लावल्याचेही मंडळाने नमूद केले. त्या प्रशिक्षणातील सिम्युलेटरच्या सरावात भोवऱ्यांचा परिणाम वास्तवापेक्षा अतिरंजित दाखवला जात होता. सिम्युलेटरमध्ये लागलेली सवय खऱ्या विमानात उतरते; चांगलीही आणि वाईटही.

टेबल, खुर्ची आणि फरशी

उपकरण कितीही चांगले असले, तरी ते हलत असेल तर व्यर्थ. योक शिकंजाने टेबलाच्या कडेला आवळले जाते. टेबलाची जाडी त्या शिकंजात मावते का, कडेखाली खण किंवा आडवी पट्टी आहे का, हे आधी मोजून घ्यावे. काचेच्या टेबलावर शिकंजा कधीही आवळू नये. योक मागे ओढताना ते छातीला लागू नये आणि पेडलवर असलेले गुडघे टेबलाला टेकू नयेत, इतकी जागा हवी. डायमंड किंवा लढाऊ विमानासाठी दांडा टेबलावर न ठेवता खुर्चीच्या पुढे, गुडघ्यांमध्ये बसवल्यास हाताची स्थिती खऱ्या विमानाच्या जवळ जाते.

आपल्याकडील गुळगुळीत फरश्यांवर पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे सरकते. पेडलांखाली जाड रबरी चटई घालणे, पेडल एका फळीवर स्क्रूने बसवून ती फळी भिंतीला टेकवणे आणि बिनचाकी खुर्ची वापरणे हे साधे उपाय पुरेसे ठरतात. जोरात ब्रेक दाबला असता काहीही न हलणे, ही मांडणीची परीक्षा समजावी.

विजेचाही विचार करावा. संगणकाच्या एकाच यूएसबी खाचेतून तीन-चार उपकरणे जोडल्यास ती अधूनमधून निसटतात. स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब घेतल्यास ही तक्रार बहुधा राहत नाही. संगणकाऐवजी एक्सबॉक्स वापरणाऱ्यांनी खरेदीपूर्वी खोक्यावर तसा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे. टर्टल बीचचे व्हेलॉसिटीवन आणि थ्रस्टमास्टरचे बोईंग आवृत्तीचे टीसीए योक एक्सबॉक्सवर चालते. लॉजिटेकचे योक केवळ संगणकासाठी आहे.

खरेदीचा क्रम

सर्व काही एकदम घेण्याची आवश्यकता नाही. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने आधी, ज्या विमानावर शिकायचे त्यानुसार योक किंवा दांडा आणि त्यासोबत साधी पेडल घ्यावीत. थ्रॉटल सुरुवातीला एका दांड्याचे असले तरी चालते. महाग योक आणि पेडल नाहीत, यापेक्षा मध्यम योक आणि साधी पेडल हा संच अधिक शिकवतो. प्रवासी विमानांची आवड असणाऱ्या छंदिष्टाने योक किंवा साइडस्टिकनंतर थ्रॉटलकडे वळावे, कारण मोठ्या जेट विमानात उड्डाणादरम्यान पेडलांचा वापर कमी असतो.

ही उपकरणे बहुतांशी आयात होतात. भारतातील अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या उपकरणाची हमी देशात मिळते. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या उपकरणाची मिळेलच असे नाही. वापरलेले उपकरण घेताना ते संगणकाला जोडून प्रत्येक अक्ष टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवावा आणि विंडोजमधील गेम कंट्रोलरच्या चाचणी पटावर खूण एकसारखी सरकते का, ते पाहावे. खूण उड्या मारत असेल किंवा हात सोडल्यावर मध्यावर स्थिर होत नसेल, तर सेन्सर झिजला आहे.

जोडणीनंतर

उपकरण जोडल्यावर पहिले काम कॅलिब्रेशन, म्हणजे दोन्ही टोके व मध्यबिंदू संगणकाला ओळखून देणे. त्यानंतर मृत क्षेत्र ठरवावे. मध्याभोवतीच्या या छोट्या पट्ट्यातील हालचालीकडे संगणक दुर्लक्ष करतो. उपकरण नवे असेल तर ते शक्य तितके कमी ठेवावे. संवेदनशीलतेची रेषा फार वाकवू नये. मध्याजवळ मऊ आणि टोकाला तीव्र अशी रेषा सुरुवातीला सोपी वाटते, परंतु हाताची हालचाल आणि विमानाचा प्रतिसाद यांचे प्रमाण त्यामुळे बिघडते.

बहुतेक सिम्युलेटरांत रडर आपोआप लावण्याची मदत सुरू असते. पेडल घेतल्यावर ती बंद करण्याचे अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि पाय निरुपयोगीच राहतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर व एक्स-प्लेन ही सॉफ्टवेअरे विकत घ्यावी लागतात. फ्लाइटगिअर हे विनामूल्य व मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. तिन्हींत ही उपकरणे चालतात.

परवान्यात घरचे तास धरले जात नाहीत

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेल्या प्रशिक्षण यंत्रात त्यांच्या वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यातील तंत्र वापरले होते. हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे हवेने फुगणारे भाते ते यंत्र कलवत आणि वळवत. टपाल वाहून नेताना खराब हवामानात लष्करी वैमानिकांचे बळी गेल्यानंतर अमेरिकी लष्कराने १९३४ मध्ये ही यंत्रे विकत घेतली. पुढे १९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात वैयक्तिक संगणकावर आधारित प्रशिक्षण यंत्रांचा अभ्यास झाला. नवे कौशल्य प्रथम शिकताना अशा यंत्राने खऱ्या विमानातील वेळ वाचतो, आधी शिकलेल्याची उजळणी करताना मात्र लाभ कमी होतो, असे त्यात आढळले.

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. त्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या सिम्युलेटरचाच मर्यादित वेळ धरता येतो. घरच्या संगणकावर कितीही तास घालवले, तरी त्यांपैकी एकही तास वैमानिकाच्या नोंदवहीत जात नाही. घरची उपकरणे घेतल्याने प्रशिक्षणाचे शुल्क कमी होईल, या भरवशावर कुटुंबाने खर्च करू नये.

तरीही या सरावाचे मोल आहे. उड्डाणापूर्वीची तपासणी यादी तोंडपाठ होणे, नियंत्रण कक्षाशी बोलण्याचा क्रम अंगवळणी पडणे, उपकरणांवर नजर फिरवण्याची शिस्त लागणे आणि मार्ग आखणे ही कामे घरी उत्तम शिकता येतात. लखनऊचा चौधरी चरणसिंह विमानतळ ते फुरसतगंज हा छोटा पल्ला त्यासाठी सोयीचा आहे. हिवाळ्यात या भागात दाट धुके पडते. दृश्यमानता कमी करून तोच पल्ला उडवल्यास केवळ उपकरणांवर विसंबणे म्हणजे काय, हे समजते. याउलट विमान अलगद टेकवण्याची शेवटची काही सेकंदे, आसनातून जाणवणारा झोल आणि योकवरील बदलता दाब घरच्या सिम्युलेटरमध्ये मिळत नाही.

म्हणूनच प्रशिक्षणास निघालेल्या विद्यार्थ्याने पहिल्या उड्डाणाच्या दिवशी आपला घरचा सराव प्रशिक्षकापासून लपवू नये. कोणत्या उपकरणावर, किती काळ सराव केला, ट्रिम आणि पेडल कशी वापरली, हे सांगितल्यास चुकीच्या सवयी पहिल्या काही तासांतच दुरुस्त करता येतात.